बिमार झाडाचं पाणी

लोक मला विचारतात, तू शिकलेली, कमावती बाई, तू कशी त्यांच्या नादी लागलीस? विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर एक बारीक समाधान असतं, आपण नाही बुवा असे, असं. त्या समाधानाचा मला राग येतो. मी म्हणते, तुम्ही संत्र्याच्या मुलखात वाढला नाहीत म्हणून वाचलात. ते हसतात. त्यांना वाटतं मी चेष्टा करते आहे.

चेष्टा नाही. माझं गाव मोर्शीकडचं, आणि माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, सासरही तिथलंच, चार कोसांवरचं. दोन्ही घरी संत्र्याच्या बागा. संत्र्याला बारा महिने पाणी पाजून चालत नाही. सारखं पाणी मिळालेलं झाड नुसतं पालवतं, हिरवंगार दिसतं आणि फुलांच्या नावानं ठणठणगोपाळ. म्हणून थंडीत महिना-दीड महिना बागेचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, वळतात, थोडी गळतातही. बाहेरच्या माणसाला वाटावं, बाग गेली. मग एक दिवस पाणी सोडतात आणि काही आठवड्यांत सगळी झाडं पांढऱ्या फुलांनी भरून जातात. एसटीच्या खिडकीतूनसुद्धा वास येतो. हे मी लहानपणापासून दर वर्षी पाहिलं आहे. त्यामुळे माणसालाही आधी तहानलेलं ठेवावं लागतं, तरच तो फुलतो, असं कुणी मला सांगितलं तेव्हा ते मला प्रवचन वाटलंच नाही. ती घरची माहिती होती.

तेव्हा मी नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात तपासणीचं काम करायचे. खालून दिवे लावलेल्या टेबलावरून कापड सरकत जातं आणि आपण त्यातली गाठ, तुटलेला धागा, तेलाचा डाग शोधायचा. आठ तास दोष शोधून घरी आलं की भिंतीतही दोष दिसतात. अमरावतीत एका खोलीत राहायचे. जमलेलं लग्न दोनदा मोडलं होतं, एकदा त्यांच्या बाजूनं, एकदा माझ्या. वय चौतीस. नातेवाईक आता मला स्थळं सुचवत नव्हते, उपास सुचवत होते. रविवार तर खायला उठायचा. अशाच एका रविवारी माझ्याच टेबलावर काम करणारी मैत्रीण मला 'अंगणा'त घेऊन गेली.

अंगण म्हणजे गावाबाहेरच्या एका नव्या ले-आउटमधलं साधं घर, पुढे पत्र्याची शेड, शेडमध्ये सतरंज्या. आत कुणाचा फोटो नाही, हार नाही, अंगारा नाही. बुवाबाजी म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर दाढी यायची. इथले मोठे भाऊ तर सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे सरकावं लागे. पहिल्या दिवशी त्यांनी मला एवढंच विचारलं की जेवलीस का. त्या एका प्रश्नावर मी रडले. मला तो प्रश्न किती महिन्यांत कुणी विचारला नव्हता हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

भाऊंनी कधी पैसे मागितले नाहीत. कुणाच्या अंगाला हात लावला नाही, आवाज चढवला नाही. म्हणून तर आम्ही निर्धास्त राहिलो. त्यांना एकच गोष्ट हवी असायची. त्यांना विचारलेलं हवं असायचं. सुरुवातीला मोठ्या गोष्टी विचारायच्या, नोकरी बदलू का, मुलीला तिथं द्यावं का. मग मधल्या गोष्टी आल्या, डोळ्याचं ऑपरेशन आत्ता करू की दिवाळीनंतर, भावाच्या घरी वास्तुशांतीला जाऊ का. मग केस कापू का. एक रिटायर्ड मास्तर होते, ते भाजीबाजारातून फोन लावायचे की भाऊ, आज वांगी घेऊ की ढेमसं. भाऊ कधी कंटाळले नाहीत. क्षणभर डोळे मिटायचे आणि सांगायचे.

आता हे सांगताना हसू येतं, पण लपवायचं कशाला, मला फार बरं वाटलं होतं. ठरवण्याचं ओझं उतरलं होतं. चूक झाली तर ती माझी नव्हती आणि बरोबर झालं तर ते अंगणाचं. त्या दोन वर्षांत मला जशी झोप लागली तशी आधी कधी लागली नव्हती आणि आज तर अजिबात लागत नाही.

एखादा विचारायचं विसरला तर भाऊ त्याला शांतपणे म्हणायचे, "मले विचारलं काहून नाही?" बस, एवढंच. त्यानंतर त्या माणसाचं पाणी तोडलं जाई. म्हणजे एकवीस दिवस अंगणातलं कुणीही त्याच्याशी बोलायचं नाही, बघायचं नाही, फोन उचलायचा नाही. बाहेरची माणसं तर आम्ही केव्हाच तोडलेली असायची, म्हणून एकवीस दिवस तो माणूस भर वस्तीत एकटा. बाविसाव्या दिवशी सगळे मिळून त्याला आणायला जायचे, शेडमध्ये गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांचा आणि वांग्याच्या भाजीचा स्वयंपाक व्हायचा, तो माणूस ढसाढसा रडायचा आणि भाऊ म्हणायचे, पाहा, बहार आला. आम्ही सगळे बागाईतदारांची पोरं. आम्हाला ते दिसायचं. खरोखर दिसायचं.

मी स्वतः लोकांचं पाणी तोडलं आहे. एक वयस्क बाई न विचारता बहिणीच्या तेराव्याला जाऊन आल्या होत्या. संक्रांत त्यांच्या एकवीस दिवसांत आली. बाजारात मी दिसले तेव्हा त्यांनी पिशवीतून तिळगुळाची डबी काढली आणि हात पुढे केला. मी पलीकडच्या दुकानातल्या बांगड्या पाहत उभी राहिले. त्यांचा हात किती वेळ तसाच होता मला माहीत नाही, कारण मी पाहिलं नाही. ती डबी मला अजून दिसते, निळ्या झाकणाची.

आता ताईबद्दल सांगते. इथवर येताना मी दोनदा उठून पाणी पिऊन आले.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मुलीच्या जन्मानंतर तिचं मन बिघडलं होतं. झोप उडाली, भिंतीपलीकडून बायका आपल्याबद्दल बोलतात असं तिला वाटायचं. अमरावतीच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि ताई सावरली. पुढे पंधरा वर्षं तिनं घर केलं, लेक वाढवली, संत्र्याच्या तोडणीला आलेल्या मजुरांचा स्वयंपाक केला. एक गोळी सकाळी, दोन संध्याकाळी. गोळ्यांमुळे तिचे हात थोडे कापायचे, अंग सुटलं होतं आणि बोलणं संथ झालं होतं. मला वाटायचं, माझी पहिली ताई या गोळ्यांच्या खाली कुठं तरी आहे. ती शाळेत कबड्डी खेळायची, भांडायची, बापाला उलट उत्तर द्यायची. मला ती परत हवी होती. माझा हेतू वाईट नव्हता, असं मी स्वतःला अजूनही सांगत असते.

मी तिला अंगणात नेलं. ती मोर्शीहून बसनं यायची, दर रविवारी. तिला तिथलं आवडलं, कारण तिथं कुणी तिच्या कापणाऱ्या हातांकडे पाहत नसे. मग एकदा मीच भाऊंना गोळ्यांचं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि शेजारच्या कुंडीकडे बघत म्हणाले की रोज पाणी दिलेलं झाड नुसतं पालवतं. गोळ्या बंद कर असं ते म्हणाले नाहीत. पुढच्या रविवारी ताईनं सरळ विचारलं, भाऊ, गोळ्या सोडू का? भाऊंनी डोळे मिटले. आम्ही वाट पाहिली. त्यांनी डोळे उघडले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

आम्ही दोघी बसस्टँडकडे चालत निघालो. ताईनं मला विचारलं, "काय करू मंग?"

मी म्हटलं, "बंद करून पाह्य."

हे तीन शब्द माझे आहेत. भाऊंचे नाहीत. पुढे जे झालं त्याचं खापर मी वर्षभर त्यांच्या डोक्यावर फोडत राहिले, आणि त्यांचं डोकं त्याच लायकीचं आहे, पण हे तीन शब्द मी बोलले. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनाही नाही.

सुरुवातीचे दिवस तर नवल घडल्यासारखे गेले. ताई पहाटे उठून घरापुढचं अंगण सारवायची, गाणी म्हणायची, दोन माणसांचं काम एकटी करायची. तिचं बोलणं भरभर झालं. हातांचं कापणं थांबलं. फोनवर ती हसली की मला कबड्डीवाली ताई ऐकू यायची. शेडमध्ये सगळे म्हणाले बहार आला, आणि भाऊ माझ्याकडे बघून नुसते हसले. त्या हसण्यानं मी आठवडाभर हवेत होते. ती चार-चार दिवस झोपत नाही हे मला माहीत होतं. मी त्यालाही बहार म्हटलं.

मग ताई थांबली. हळूहळू नाही, एकदम. प्रत्येक गोष्ट ती भाऊंना विचारायची आणि भाऊंनी त्या दिवसांत तिचा फोन उचलणं बंद केलं. तिनं काय न विचारता केलं होतं ते आजवर कळलेलं नाही. बहुधा त्यांनाही भीती वाटली असावी. एका सकाळी ती हातात पिशवी घेऊन बागेच्या फाटकाशी गेली आणि तिथंच उभी राहिली. आत जाऊ की नको हे कुणी सांगितलं नव्हतं. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, तेव्हा दुसऱ्या टोकाच्या धुऱ्यावर, बांधावर, होते. ते दुपारी परत आले तेव्हा ती तशीच उभी होती, पाय सुजलेले, ओठ फुटलेले. बस म्हटलं तर बसत नव्हती, बोल म्हटलं तर बोलत नव्हती. भाऊजींनी तिला उचलून शेजाऱ्याच्या गाडीत घातलं आणि अमरावतीला आणलं.

मी कारखान्यातून थेट दवाखान्यात पळाले. कुणाला विचारलं नाही. विचारायचं सुचलंच नाही, याबद्दल मी स्वतःला थोडेसे गुण देते. भाऊजी बाहेरच्या बाकावर बसले होते, चपलांना बागेतला काळा चिखल तसाच. मुळात घुमा माणूस. ताईला अंगणात नेलं त्यालाही त्यांनी कधी हो म्हटलं नव्हतं की नाही म्हटलं नव्हतं. मी शेजारी बसले. बऱ्याच वेळानं ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बिमार झाडाचं पाणी तोडत नसतेत. ज्याच्या घरी बाग हाय त्या लेकरालेबी हे मालूम असते. मले मालूम होतं. मी बोललो नाही."

मलाही मालूम होतं. आमच्या बापाच्या बागेत डिंक्या लागलेली झाडं असायची, बुंध्यातून चिकट डिंक गळायचा. थंडीत सगळ्या बागेचं पाणी तोडलं तरी बाप त्या झाडांना बादलीनं पाणी घालायचा. किती तरी बादल्या मीच उचलल्या होत्या. भाऊंनी मला अर्धीच गोष्ट सांगितली होती आणि उरलेली अर्धी मी सोयीनं विसरले. मला त्या बाकावर ओरडावंसं वाटलं, पण मी नुसती उठले, बसले, पुन्हा उठले. परिचारिकेनं दोनदा विचारलं, बाई, तुम्हाला काही हवं आहे का.

दवाखान्यात न विचारता गेले म्हणून अंगणानं माझं पाणी तोडलं. कारखान्यात मैत्रीण माझ्याच टेबलावर समोर उभी राहायची आणि तिची नजर कापडावरून वर यायची नाही. मी डबा उघडला की ती तिचा उचलून दुसरीकडे जायची. मी संतापले होते, बहीण खाटेवर होती, आणि तरीही, हे लिहायला फार जड जातं, मी दिवस मोजत होते. अठरा, एकोणीस, वीस. बाविसाव्या दिवशी मैत्रीण हसत जवळ आली, म्हणाली संध्याकाळी सगळे तुझी वाट पाहून राहिले, रोडगे आहेत. आणि माझ्या अंगातून असं काही ऊन ऊन वाहिलं की मी कपडे बदलून खरोखरच निघाले.

ले-आउटच्या वळणावर रिक्षा सोडली. शेडबाहेरच्या चपला दिसत होत्या, रोडग्याच्या गोवऱ्यांचा धूर येत होता. मी उभी राहिले. आत जाऊ की नको, हे कळेना. मी फोन काढला आणि कुणाला तरी लावायला लागले, आणि मग लक्षात आलं की मी भाऊंनाच विचारायला निघाले होते. त्यांच्याच दारात उभी राहून, आत येऊ का म्हणून. माझ्या हातातही पिशवी होती. मला फाटकाशी उभी असलेली ताई दिसली आणि मी उलट्या पावली पळत सुटले. त्या रस्त्यावर पळणारी पस्तिशी ओलांडलेली बाई पाहून कुत्री मागे लागली.

पुढचं पटकन सांगते. मी कारखाना सोडला, अमरावती सोडली. अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये ऑफिसचं काम मिळालं. घर मात्र अकोल्यात घेतलं, कारण ताईवर उपचार करणाऱ्या नव्या डॉक्टरबाई अकोल्यात होत्या. बाईंनी सांगितलं होतं की काही महिने ताईला मोर्शीपासून आणि त्या मंडळींपासून लांब ठेवा. भाऊजींनी ताईचं सामान स्वतः आणून पोचवलं. लेक अकरावीला होती, ती बापाजवळ राहिली.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. हात पुन्हा कापू लागले. झोप आली, भूक आली. पण ताई विचारायची थांबेना. आंघोळ करू का. गरम पाण्यानं करू का. भाजीत सांभार, म्हणजे कोथिंबीर, टाकू का. पोळी उलटू का आता. मी आंघोळीला गेले तर दाराबाहेर उभी राहून विचारायची, बसू का. डॉक्टरबाईंना मी म्हटलं, गोळ्या वाढवा. त्या म्हणाल्या की हे गोळ्यांनी जाणारं नाही, आजार वेगळा आणि ही सवय वेगळी, ही कुणी तरी शिकवलेली आहे. तुम्ही उत्तर देऊ नका. तुला काय वाटतं, असं विचारा आणि थांबा.

थांबणं मला जमत नाही. मी तशी कधीच शांत नव्हते, पण अंगण सुटल्यापासून तर माझ्या अंगात कुणी तरी सतत येरझारा घालतं. पहाटे चारला जाग येते. दूध उतू गेलं की पहिला विचार येतो, सोडून आलीस म्हणून. एसटी पंक्चर झाली तरी तेच. मला ठाऊक आहे हा मूर्खपणा आहे, मी स्वतःला मोठ्यानं सांगते की हा मूर्खपणा आहे, आणि तरी पुढची दहा मिनिटं छाती धडधडते. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते काही उगीच नाही. अशा बाईसमोर ताई पोळी तव्यावर टाकून उभी राहायची, उलटू का, आणि मी म्हणायचे, तुला काय वाटतं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. पोळीतून धूर निघायचा. ताईच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी म्हणायचे, उलट बाई, उलट.

हळूहळू मी उत्तरं देऊ लागले. वेळ वाचतो म्हणून, ती रडू नये म्हणून. मी अकोटच्या बसमध्ये बसले की तिचे फोन सुरू व्हायचे. चहा ठेवू का. ठेव. कपडे वाळू घालू का. घाल. शेजारचे प्रवासी हसायचे. खिडकीबाहेर कपाशीच्या पऱ्हाट्या जायच्या आणि मी हुकूम सोडत असायचे. आणि कधी तरी, नेमकं कधी ते सांगता येत नाही, मला ते आवडायला लागलं. फोन वाजला की माझ्या आतली येरझार थांबायची. एखाद्या दुपारी तिचा फोन उशिरा आला तर मी चिडायचे आणि कामाच्या घाईत आहे म्हणून चिडते असं स्वतःला सांगायचे. डॉक्टरबाईंना मी खोटं सांगत होते की आम्ही तुमच्या पद्धतीनं करतो आहोत.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. त्या दिवशी ताईचा सकाळपासून एकही फोन आला नाही. मी दोनदा लावला, तिनं उचलला नाही. माझं कामात लक्ष लागेना. साहेबांना काही तरी कारण सांगून मी लवकर निघाले. बस नेमकी प्रत्येक थांब्यावर थांबत होती. मी उठून दाराशी गेले, परत येऊन बसले, परत गेले. कंडक्टर म्हणाला, बाई, तुम्ही उभ्या राह्यल्यानं गाडी जोरात नाही धावत. मनात जे यायचं ते सगळं आलं. विहीर, रेल्वेचे रूळ, फाटक.

घराला कुलूप होतं. किल्ली शेजारच्या काकूंकडे. त्या म्हणाल्या, सकाळीच गेली, पिशवी होती हातात, चांगली साडी नेसली होती. कुठं जाते ते मी विचारलं नाही, मोठी बाई आहे ती. मी आत जाऊन गोळ्यांचा डबा पाहिला. डबा जागेवर नव्हता. मी खाली बसले. उठून पुन्हा फोन लावला.

या वेळी तिनं उचलला. मागे कुणी तरी हसत होतं, भांडी वाजत होती.

"मी मोर्शीले आली," ताई म्हणाली. "अकोल्याहून अमरावती, मंग तिथून दुसरी गाडी. अर्धं तिकीट. बाग फुलली म्हणे, पाहून घ्यावं वाटलं. गोळ्या संग आणल्या. दुपारची नसतेच, संध्याकाळच्या आता घेतो."

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही असेल, पण त्याच्या आधी दुसरंच काही तरी वर आलं, कडू, तापलेलं, आणि माझ्या तोंडातून अगदी हळू, अगदी शांत आवाजात शब्द निघाले.

"मले विचारलं काहून नाही?"

तो आवाज माझा नव्हता. तो कुणाचा होता ते मला ठाऊक होतं आणि ताईलाही. पलीकडचं हसणं, भांडी, सगळं ऐकू येत होतं, फक्त ती गप्प होती. मला वाटलं, गेली, पुन्हा फाटकाशी जाऊन उभी राहिली.

"मागच्या बारी तुलेच विचारलं होतं मी," ताई म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. ती जसं सांगते की आज ढेमसं आणली, तसंच. म्हणजे तिला आठवत होतं. बसस्टँडचा तो रस्ता, माझे तीन शब्द, सगळं. इतके महिने ती माझ्याकडून चहा ठेवायची परवानगी मागत होती, ते सगळं आठवत असताना. चूक झाली ताई, असं म्हणायचं होतं. मी ते म्हटलंही, पण इतकं रडत की तिला शब्द लागले की नाही कोण जाणे.

तिनं मला रडू दिलं. मग म्हणाली, "रडू नको माय. मी परवा येतो वापस. जेवली का तू?"

मी म्हटलं, नाही. सकाळपासून काही नाही.

"मंग जेवून घे."

मी डोळे पुसले आणि स्वयंपाकघरात आले. फोन कानालाच होता. ओट्यावर कणकेचा डबा होता, दोन आलू, अर्धी मेथीची जुडी, फडताळात तांदूळ. मी त्या सगळ्याकडे पाहत उभी राहिले. पोळी की भात. मला खरंच कळेना. डबा उचलला, खाली ठेवला.

"ताई," मी म्हटलं, "काय करू जेवायला?"

ताई हसली, ती जुनी, बापाला उलट उत्तर देणारी हसायची तशी.

"तुह्या मनानं कर," ती म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

मी बराच वेळ ओट्याशी उभी होते. मग मेथी निवडायला घेतली.